टेकडी पूर्ववत करणेबाबत

कासारखिंड छावणीच्या पूर्वेची टेकडी सैन्यानं दीड दिवसात उचलून ओढ्यात टाकली.

असं काहीही झालेलं नाही. छावणीच्या पूर्वेला टेकडी कधी नव्हतीच. नव्या नकाशात ती नाही आणि जुने नकाशे परत मागवून घेतलेले आहेत. ओढा मात्र अजून वळसा घालून वाहतो. ओढे नागरी प्रशासनाच्या अखत्यारीत येतात, त्यांच्यापुढे लष्कराचा इलाज चालत नाही.

तर न झालेली गोष्ट अशी झाली.

फौजेत माणसं होती तेव्हाचा कारभार उतरंडीसारखा होता. दहा जवानांचा एक सेक्शन, त्याच्यावर हवालदार. तीन सेक्शनची प्लाटून, तिच्यावर सुभेदार. तीन प्लाटूनची कंपनी, तिच्यावर मेजर. कंपन्या मिळून पलटण आणि पलटणीवर कर्नल. कर्नलच्या तोंडातून निघालेला हुकूम जवानाच्या कानात पडेपर्यंत चार-पाच जिने उतरायचा आणि प्रत्येक जिन्यावर जरा दम खायचा. काही हुकूम दम खाता खाता तिथंच झोपी जायचे. त्यांना कुणी उठवायचं नाही.

मग ‘सरळ रेषा’ योजना आली. जवानांच्या जागी खेचरं आली. खेचर म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं, चार पायांचं, दोन हातांचं यंत्र. कागदोपत्री नाव ‘भूदल सहायक’, पण पूर्वी डोंगरात दारूगोळा वाहणाऱ्या खऱ्या खेचरांवरून सगळे त्याला खेचरच म्हणायचे. प्रत्येक खेचराचा कान थेट कर्नलच्या कॉलरवरच्या माइकला जोडलेला. मधल्या जिन्यांची गरज उरली नाही. हवालदारापासून सुभेदार मेजरपर्यंतची सगळी मधली फळी एका दुपारी मोबाइलवर आलेल्या संदेशानं सन्मानपूर्वक घरी गेली. संदेशाच्या शेवटी हात जोडल्याचं चित्र होतं.

कर्नल बोपय्या कुर्गचे. स्वभावानं भला माणूस, फक्त सकाळचा पहिला चहा होईपर्यंत जगाशी त्यांचं पटत नसे. अशाच एका सकाळी टेकडीमुळे रेडिओला रेंज येईना, तेव्हा ते व्हरांड्यातून म्हणाले, “ही टेकडी फार मध्ये येते. मला ही इथं दिसता कामा नये.”

खेचरांनी अदबीनं विचारलं, “पुष्टी?”

“शंभर टक्के,” असं म्हणून कर्नल एका परिषदेसाठी पुण्याला निघून गेले.

परत आले तेव्हा व्हरांड्यातून सूर्य उगवताना दिसत होता. सूर्योदय सुंदर होता, असं त्यांनी चौकशी समितीपुढे सांगितलं. समितीनं ते वाक्य वगळलं.

ही बातमी ऐकून सातारा जिल्ह्यातल्या बोरजाईवाडीत एका माणसानं तोंडाशी नेलेली चहाची कपबशी न पिताच खाली ठेवली. सुभेदार हणमंत शेडगे, निवृत्त. त्यांची नोकरी त्या टेकडीच्या सावलीत सुरू झाली होती. रंगरूट भरती झाला की त्यानं खालच्या ओढ्यातला एक दगड डोक्यावर घेऊन टेकडी चढायची, दगड वर मांडायचा, त्याला चुना लावायचा. असल्या दगडांनी मिळून उतारावर पलटणीच्या चिन्हातला भाला काढलेला होता, दहा मैलांवरून दिसणारा. शेडग्यांचा दगड भाल्याच्या टोकाशी, जरासा डावीकडे. त्यामुळे भाला किंचित वाकडा दिसायचा. तो वाकडेपणा कुणाचा, हे अख्ख्या पलटणीला ठाऊक होतं.

“बोपय्यांच्या आधीच्या दोन कर्नलांनीपण हेच सांगितलं होतं, टेकडी हटवा म्हणून,” ते बायकोला म्हणाले.

“मग तुम्ही काय केलंत?” वनितानं विचारलं.

“जी साब म्हणालो.”

“आणि?”

“आणि काय? चहा पाठवला.”

वनिता हसली नाही. नवरा घरी आल्यापासून तिच्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा उंचीप्रमाणे फॉलिन झाली होती. रोज संध्याकाळी सहाला शेडगे मोबाइल घेऊन ओट्यावर ताठ उभे राहायचे. त्यांच्या जुन्या प्लाटूनचा ग्रुप होता आणि त्यावर रोलकॉल व्हायचा. कुणी पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवरून, कुणी पोल्ट्रीतून, कुणी सासऱ्याच्या किराणा दुकानातून लिहायचं, हाजिर. सगळे हाजिर झाले की शेडगे लिहायचे, विसर्जन. मग कोंबड्या कोंडायला जायचे.

एक गोष्ट मात्र ते कुणाशी बोलत नसत. पलटणीचा रिवाज होता, की मोठा माणूस निवृत्त झाला की त्याच्या गाडीला दोर बांधायचे, इंजिन बंद करायचं, आणि त्याच्या माणसांनी गाडी ओढत त्याला गेटबाहेर सोडायचं. शेडग्यांनी तरुणपणी कितीतरी गाड्या ओढल्या होत्या. त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हा दोर ओढायला माणसंच नव्हती, सगळ्यांना एकाच दुपारी संदेश आला होता. ते रिक्षानं निघाले. रिक्षावाल्यानं परतभाडंही घेतलं.

टेकडीनंतर पंधरवड्यानं मेजर इरावती करंदीकर बोरजाईवाडीत आल्या. या तांत्रिक विभागाच्या. गणवेशाला ग्रीसचे डाग आणि बोलताना समोरची वस्तू उलटीपालटी करून बघायची सवय. ओट्याशी शेडग्यांची मोटरसायकल होती. तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेले होते, म्हणून शेडगे सीटवर उशी बांधत.

“हे असंच झालंय आमचं,” मेजर गाडी दाबून बघत म्हणाल्या आणि त्यांनी जे समजावलं ते असं: रस्त्यात खड्डा असतोच. शॉक अ‍ॅब्सॉर्बर खड्डा बुजवत नाही. तो फक्त धक्का स्वतःत जिरवतो, थोडा वेळ घेतो, आणि उरलेला तेवढा पुढे देतो. कुठल्याही यंत्रणेत धक्का जिरवणारं काही नसलं तर वरचा छोटासा हिसका खाली पोचेपर्यंत मोठा होतो. हुकमाचंही तेच. वरून येणाऱ्या प्रत्येक हुकमात थोडं काम असतं, थोडा राग, थोडी घाई, थोडी सकाळची ॲसिडिटी. सरळ रेषेतून ते सगळं एकत्रच खाली जातं आणि खेचरं रागाचीही अंमलबजावणी करतात. मधली फळी म्हणजे निव्वळ खर्च असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती पलटणीची शॉक अ‍ॅब्सॉर्बर होती.

“म्हणजे आम्हाला परत घेताय?” शेडग्यांनी विचारलं. आवाज सरळ ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला.

मेजर गाडीचा आरसा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही. तेवढं काम करणारं एक यंत्र बनवलंय. कर्नल आणि खेचरांच्या मध्ये बसणारं. त्याला शिकवायला कुणीतरी लागेल.” थोडं थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं, कारण बाई खोटं बोलण्यातल्या नव्हत्या. जनरलसाहेबांसमोर प्रात्यक्षिक आहे. यंत्र पास झालं तर ते सगळ्या पलटणींना जाईल. नापास झालं तर समितीपुढे दुसरा मार्ग नाही, माणसंच परत बोलवावी लागतील.

शेडगे निघाले तेव्हा वनितानं डब्यात चकल्या दिल्या आणि एवढंच म्हणाली, “अहो, तिकडे तरी कुणाला भांडी लावायला सांगू नका.”

छावणीच्या गेटवर त्यांनी सवयीनं पूर्वेकडे मान वळवली. तिथं नुसतं आकाश होतं, जरुरीपेक्षा जास्त.

यंत्राचं सरकारी नाव ‘मध्यस्थ एकक’. एका खेचराच्या पाठीवर ट्रंकेएवढी राखाडी पेटी, तिला एक भिंग आणि एक कर्णा. शेडगे म्हणाले, मध्यस्थ लग्नात असतात, हा रंगरूट आहे. मेजरांनी विनवलं की त्याला थेट सुभेदारकी शिकवा, वेळ कमी आहे. शेडगे म्हणाले, जी साब. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला खड्डे खणायला लावलं. ज्यानं खड्डा खणला नाही त्याला खड्डा खणायचा हुकूम किती जड असतो ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खड्डे झाले, मग वाळूची पोती झाली, आणि एका सकाळी त्यांनी खडूनं पेटीच्या बाजूला एक फीत काढली. लान्सनायक. एका फितीचा माणूस वरून शिव्या खातो आणि खालूनही, पण त्या पोचवत नाही. दुसरी फीत नायकाची, ती लवकर मिळाली. तिसरी, हवालदाराची, द्यायला शेडग्यांनी फार ताणलं. हवालदाराला आपल्या दहाजणांत कुणाचं पोट खरंच दुखतंय आणि कुणाचं पोट परेडपुरतं दुखतंय ते कळावं लागतं. खेचरांना पोट नव्हतं. शेवटी यंत्रानं आपणहून कळवलं, की सात नंबरचं खेचर चढ आला की बॅटरी उतरल्याचं दाखवतं आणि चार्जिंगला लावलं की बाजूच्याशी ऊन वाटून घेत उभं राहतं.

“मग तू काय केलंस?”

“काही नाही, साब. एकदा त्याच्याकडे बघितलं.”

शेडग्यांनी तिसरी फीत काढली. ती जरा डावीकडे गेली.

त्या दिवसांत कर्नल रोज येऊन नवेनवे हुकूम देऊन जात. यंत्र चाचणीला तयार झालं पाहिजे, उद्यापर्यंत, चुकलं तर मी कुणाला सोडणार नाही. शेडगे जी साब म्हणत. एकदा कर्नल भर उन्हात खेचरांच्या वाटेतच उभे राहून मेजरांशी वाद घालत होते, चाचणी अडली होती. शेडग्यांनी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही. व्हरांड्यात सावलीला चहा आणि वनिताच्या चकल्या मांडून ठेवल्या. दोन मिनिटांत वाद तिकडे चालत गेला. यंत्र तिथंच उभं होतं, भिंग तिकडे करून.

संध्याकाळी ते यंत्राला गोष्टी सांगत. मेजर म्हणायच्या, हा अभ्यासक्रमाचा भाग नाही. पण त्याही चहा घेऊन बसायच्या. टेकडी कशी होती, आपला दगड भाल्याच्या टोकाशी जरासा डावीकडे कसा गेला, पावसाळा संपला की रंगरूट चुन्याचे डबे घेऊन कसे चढत, बर्फात पोस्टिंग असताना बिहारचा एक जवान रोज तिखटाची आठवण काढून कसा रडायचा, आणि बड्या खान्याच्या दिवशी अधिकारी स्वतः जवानांना वाढत तेव्हा नवा कॅप्टन घाबरून एकाच ताटात सगळी जिलबी कशी ओतून गेला. दोरांची गोष्टही त्यांनी सांगितली. रिक्षाची मात्र सांगितली नाही.

“सुभेदार स्वतःसाठी काही मागत नाही,” ते एकदा म्हणाले. “दरबार भरतो, कर्नल विचारतात कुणाचं काही मागणं आहे का. तेव्हा सुभेदार उभा राहून म्हणतो, माझ्या एका माणसाची गोष्ट आहे, साब.”

“आणि त्याची स्वतःचीच गोष्ट असली तर?”

“तरीपण असंच म्हणतो.”

प्रात्यक्षिक जवळ आलं आणि हवालदार मुळीकचा फोन आला. मुळीक म्हणजे शेडग्यांच्या प्लाटूनमधला सगळ्यात जुना माणूस. आता पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर असायचा. तिथल्या लहान मुलांनी त्याला चालताना पाय ओढतो म्हणून ‘स्लो इंटरनेट’ नाव ठेवलं होतं, तो पाय सरहद्दीवर निकामी झालेला होता.

“साब, एक बोलू का? रागावू नका.”

“बोल.”

“शिकवा त्याला. पण पडंल असं शिकवा. जास्त नको, एकच गोष्ट चुकीची. ते पडलं की आपण सगळे परत. मी पायाचं बघतो काहीतरी.”

शेडगे म्हणाले, बघू. फोन ठेवल्यावर ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. ग्रुपवर त्या संध्याकाळी सगळे जरा लवकरच हाजिर झाले. कुणी काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचंच त्यांना ओझं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा धडा दिला. “साहेब ओरडून बोलले, की गाळायचं नाही. हुकूम जसाच्या तसा, त्याच क्षणी, खाली द्यायचा. समजलं?”

पेटीनं भिंग त्यांच्याकडे वळवलं.

“जी साब.”

या दोन शब्दांचा अर्थ ज्याला सगळ्यात चांगला कळायला हवा होता, त्या माणसाला त्या दिवशी तो कळला नाही.

प्रात्यक्षिकाला जनरलसाहेब आले ते ताफा घेऊन. मैदानात खेचरांनी खोट्या शत्रूच्या खोट्या झोपड्यांवर चाल करायची होती. पण जनरलसाहेबांना माहिती सांगायला घेऊन निघालेले लोक मैदानाच्या बरोबर मध्येच थांबले आणि गाड्याही तिथंच लागल्या. सगळी चाल त्यांच्या अंगावरून जाणार होती. वेळ झाली. कर्नल बोपय्यांचा त्या दिवशीचा पहिला चहा झालेला नव्हता. लांबून ते मैदानाकडे बघत राहिले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि कॉलरवरच्या माइकमध्ये ते ओरडले, “समोरचं ते सगळं उचला! आत्ताच्या आत्ता!”

समोर एक लेफ्टनंट जनरल होते.

मेजर करंदीकरांनी डोळे मिटले. शेडगे यंत्राच्या शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले तर यंत्र थांबलं असतं. नाही बोलले तर मुळीक परत येणार होता, सगळे येणार होते. त्यांनी तोंड उघडलं. पुष्कळ वर्षांची सवय होती ती, राखून ठेवलेल्या गप्पपणापेक्षा जुनी. “थांब,” ते म्हणाले.

पण थांबवण्यासारखं काही चाललंच नव्हतं.

“जी साब,” यंत्र कर्नलना म्हणालं. आणि उजवीकडच्या शामियान्यात दोन खेचरांनी चहाची किटली, कप आणि गरम भज्यांची परात मांडली. वारा मैदानाकडे होता. पहिल्यांदा जनरलसाहेबांचे सहायक हलले, मग माहिती सांगणारे, मग माहिती ऐकणारे. एक खेचर ड्रायव्हर लोकांना सावलीची जागा दाखवायला गेलं. थोड्याच वेळात मैदान आपोआप मोकळं झालं आणि जनरलसाहेबांना वाटलं की शामियान्यात जायची कल्पना त्यांचीच होती. मग चाल झाली. झोपड्या पडल्या. टाळ्या वाजल्या. आणखी एका खेचरानं कर्नल बोपय्यांच्या हातात चहा आणून दिला होता.

सगळे पांगल्यावर शेडगे पेटीसमोर उभे राहिले. “मी तुला काय शिकवलं होतं?”

“साब, साहेब ओरडले की जसंच्या तसं खाली द्यायचं.”

“मग?”

“तुमच्या त्या हुकमात काम थोडं होतं, साब. बाकी बरंच दुसरं होतं. गाळून घेतलं.”

शेडग्यांना यावर रागवायचं होतं. ते जमेना. त्यांनी रुमालानं खडूच्या तिन्ही फिती पुसल्या आणि खिशातून स्वतःचे पितळी तारे काढले. बढतीचे तारे दोन माणसांनी लावायचे असतात, एका खांद्याला एकानं. एक बाजू त्यांनी लावली, दुसरी मेजरांनी. पेटीला खांदे नव्हते, चिकटपट्टी लागली.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी लिहिलं, पास झालं. पुढे काही लिहावं म्हणून बोट तसंच वर राहिलं. मग मुळीकनं लिहिलं, “शिकवलं कुणी, साब?” पोल्ट्रीवाल्यानं लिहिलं, “मग पास होणारच की.” आणि एकामागून एक सगळे हाजिर झाले. किराणा दुकानातला सुद्धा, गिऱ्हाईक असूनही.

शेडग्यांचं काम संपलं. या खेपेला रिक्षा नको म्हणून ते गेटच्या आत छावणीपर्यंत येणाऱ्या एसटीत बसले, खिडकीशी. गाडी सुटेना. ड्रायव्हर खाली उतरून पुढे बघत होता. कंडक्टरही उतरला. गाडीच्या पुढे दोर बांधलेले होते आणि दोन्ही दोरांना खेचरं लागली होती, तीन सेक्शन, अख्खी प्लाटून. पितळी तारे लावलेलं खेचर बाजूला उभं होतं. सात नंबरच्या खेचराची बॅटरी त्या दिवशी भरलेली होती.

कंडक्टरचं म्हणणं होतं, की एवढ्या अंतराचं भाडं घ्यायचं की नाही याबद्दल महामंडळाचा नियम नाही. ड्रायव्हर म्हणाला, चार्जिंग वाचतंय, गप बस. मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, कोण मोठा माणूस आहे का गाडीत? सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. शेडग्यांनीही बघितलं. गाडी गेटबाहेर पडली, डांबरी रस्त्याला लागली, दोर सुटले. ते पूर्वेच्या बाजूला तोंड करून बसले होते. ऊन डोळ्यांवर येत होतं. पूर्वी या वेळी तिथं सावली असायची, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं आणि रुमाल काढला.

पुढच्या दरबारात कर्नल बोपय्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाचं काही मागणं आहे का. खेचरांना मागण्या नसतात, त्यामुळे ते उत्तराची वाट न बघता उठलेसुद्धा होते.

“माझ्या एका माणसाची गोष्ट आहे, साब,” यंत्र म्हणालं.

अर्ज मेजर करंदीकरांमार्फत योग्य मार्गानं पुढे गेला. तो ब्रिगेडला पोचला, तिथून वर, तिथून आणखी वर. नामंजूर करायचा तर टेकडी होती असं आधी मान्य करावं लागतं, म्हणून तो कुणी नामंजूरही करत नाही. तो असा:

*विषय: टेकडी पूर्ववत करणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, या प्लाटूनमधील एका माणसाने रंगरूट असताना छावणीच्या पूर्वेकडे एक दगड ठेवला होता. सदर दगड ओढ्यात शोधण्यात आला असून तो सापडला आहे. ओळख पटविण्यात आली आहे. एका बाजूस चुन्याचे सात थर आहेत. दगड स्वच्छ करून, नव्याने चुना लावून प्लाटूनच्या ताब्यात ठेवण्यात आला आहे. तो पूर्वीच्या जागी, म्हणजे भाल्याच्या टोकाशी, किंचित डावीकडे ठेवण्याची सर्व तयारी झाली आहे. तरी त्याखाली टेकडी उपलब्ध करून देण्यात यावी, ही नम्र विनंती.*